शंटिंगचं इंजिन उसनं मागितलं तर

पत्र असं आहे :

"ताई, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, आता नोकरी जळगावला. वय ४७. मॉडेल रेल्वेचा नाद असलेले आम्ही पाच-सहा जण आहोत. दर दिवाळीच्या सुट्टीत एका शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस आमच्या गाड्या मांडतो. माझ्याकडे भाच्याने शिकागोहून आणलेली एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, तीन शंटिंग इंजिनं आहेत, यार्डात डबे-वॅगन हलवून लावणारी. एक जुनं आल्को कंपनीचं एस-२ आणि दोन ईएमडी कंपनीची एसडब्ल्यू १५००, सगळी अमेरिकन. आमच्यातले वडीलधारे नाना, ज्यांनी मला या नादाला लावलं, त्यांनी गेल्या वर्षी एस-२ प्रदर्शनासाठी नेलं. परत आलं ते वर्तमानपत्रात गुंडाळून. कठडा मोडलेला, डब्याला जोडणारा कपलर लोंबलेला, आणि चालवलं की टक-टक आवाज. विचारलं तर म्हणाले, 'खेळणंच ते, चालायचंच.' तेव्हापासून ते इंजिन मी खोक्यातून बाहेर काढलेलं नाही. यंदा नाना दोन्ही एसडब्ल्यू मागताहेत. नाही म्हणवत नाही आणि द्यायला हात धजत नाही. शिवाय माझी इंजिनं पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी, अडकतात ती वेगळीच कटकट. आणि नाना म्हणतात, अमेरिकन रंग काढून आपल्या यार्डातल्या इंजिनासारखं रंगव. काय करू? – एक शंटर, जळगाव."

भाऊ,

आधी त्या टकटकीचं बघू. तुमच्या रागातला निम्मा वाटा तिचा आहे, आणि मला दाट संशय आहे की ती नानांच्या माथी उगाच मारली गेलीय.

एस-२ रुळावर ठेवा, एका चाकाला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका लावा आणि इंजिन अगदी सावकाश चालवा. चाकाच्या दर फेऱ्याला नेमकी एकदाच टक होते का, ते मोजा. होत असेल तर खालची पट्टी उघडून अ‍ॅक्सलवरचे प्लास्टिकचे गिअर भिंगाखाली पाहा. जुन्या मॉडेलांत दोन्ही बाजूंचे अर्धे अ‍ॅक्सल या गिअरच्या नळीत दाबून बसवलेले असतात. वर्षं गेली की प्लास्टिक आकसतं, आतला धातू आकसत नाही, आणि नळीला केसाएवढी उभी चीर पडते. चीर पडली की तिथल्या दोन दातांमधली फट बाकीच्यांपेक्षा रुंद होते. दर फेऱ्याला पुढचा गिअर त्या फटीशी अडखळतो, तीच तुमची टक. हा दोष धावून येतो तसा नुसतं खोक्यात पडूनही येतो. नानांनी नेलं नसतं तरी आज ना उद्या तो आवाज आलाच असता.

ती चीर चिकटवायच्या भानगडीत पडू नका. त्या गुळगुळीत प्लास्टिकला कुठलाच गोंद धड धरत नाही. गिअर बदलावाच लागतो. भाच्याला सांगा, तिकडे हे सुटे गिअर मिळतात, आणि मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनांत जुन्या सामानाची टेबलंच्या टेबलं लागलेली असतात. मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्ट स्प्रिंगफील्डला दर जानेवारीत भरणारं प्रदर्शन तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. शिकागोहून ते लांब पडेल, पण जवळपासही काहीतरी भरत असतंच. इंजिनाचं नाव आणि मूळ गिअरचे दात मोजून कळवा. एक दात इकडचा तिकडे झाला तर पुढची आणि मागची बोगी, म्हणजे इंजिनाखालचे चाकांचे दोन गाडे, एकमेकींशी भांडत चालतील.

आता कठडा आणि कपलर. ते मात्र नानांकडेच मोडलं, त्यात वाद नाही. वर्तमानपत्रात गुंडाळणं हाही गुन्हाच. पण तुम्हाला लागलंय ते कठड्याचं नाही, 'खेळणंच ते' या शब्दांचं. बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर तुम्ही हसून सोडलं असतं. या नादाला ज्याने लावलं त्यानेच म्हटलं, म्हणून वर्षभर एक इंजिन अंधारात पडून आहे. (त्याचं ग्रीस एव्हाना घट्ट झालं असेल. गिअर बदलताना जुनं पुसून काढा, प्लास्टिकला चालणारं नवं लावा, तेही मोहरीएवढंच. चाकांत धागेदोरे अडकलेले असतील तेही चिमट्याने काढा.)

माझे वडील भुसावळ यार्डात शंटर होते. त्यांच्या तोंडून मी 'माझं इंजिन' असं कधी ऐकलं नाही. शंटिंगचं इंजिन कुणाचंच नसतं. मेल-एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरचा रुबाब वेगळा. यार्डातलं इंजिन चोवीस तास तापलेलं, तीन पाळ्यांत तीन माणसांच्या हातांत. पण एक गोष्ट मात्र होती : चार्ज दिल्या-घेतल्याशिवाय ते हात बदलत नसे. इंजिनात लॉग बुक असायचं. जाणारा त्यात लिहायचा, वाळू पडत नाही, हॉर्न बसका आहे, ब्रेक जरा उशिरा धरतो. येणारा ते वाचायचा, एक फेरी मारून बघायचा आणि सही करायचा. सही केली की दोष त्याचा. नाही लिहिलं तर दोष आधीच्याचा. त्या वहीमुळे भांडणं होत नसत असं नाही, भुसावळला भांडणं व्हायला वही लागत नाही. पण भांडण कशावरून आहे ते दोघांना नक्की माहीत असायचं. तुमच्यात आणि नानांमध्ये नेमकं तेच नाही. तुम्ही टकटकीवरून रागावला आहात, ते कठड्यावरून ओशाळले आहेत, आणि बोलताय दोघेही खेळण्याबद्दल.

म्हणून नाही म्हणू नका आणि इंजिनंही देऊ नका. इंजिनांबरोबर स्वतः जा.

नानांना असं सांगून बघा : "नाना, दोन्ही एसडब्ल्यू आणतो, पण मीच घेऊन येतो. सकाळची पाळी तुमची, दुपारची माझी." बस्, एवढंच. अटी घालू नका, गेल्या वर्षीचं उकरू नका. वडीलधाऱ्या माणसाला 'देत नाही' हे ऐकायला जड जातं, 'येतो' हे कधीच जड जात नाही. आणि दोनशे पानी वही घ्या, साधी, शाळेची. तुमच्या सगळ्यांच्या इंजिनांसाठी एकच वही, टेबलावर उघडी ठेवलेली. इंजिनाचं नाव, कोणी घेतलं, किती वाजता, घेताना काय होतं, देताना काय झालं. नुसत्या नानांसाठी वही काढलीत तर ती वही नाही, तो आरोप होईल. तुमचं स्वतःचं इंजिनही तुम्ही सही करूनच हातात घ्या.

दोन इंजिनं न्यायला माझी ना नाही, उलट न्याच. प्रदर्शनात दिवसभर तीच मोटर चालली तर तापते. अर्धा-पाऊण तास एक, मग दुसरं, पहिल्याला तोवर थंड होऊ द्यायचं. नाना दोन मागतात ते हावरटपणाने नसेल, अनुभवाने असेल.

नेण्याचं म्हणाल तर स्टीलचा चौकोनी डबा, आत फोम, आणि इंजिनाच्या आकाराची खाच कापून ते आडवं न ठेवता उभं बसवलेलं. दुचाकीच्या डिकीत नको. आपल्या रस्त्यांवर कपलरच काय, आपली हाडंही लोंबतात. उन्हाळ्यात हीच इंजिनं गच्चीवरच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवत असाल तर तेही थांबवा. पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली प्लास्टिकचं कवच वाकतं, आणि मग आपण पुन्हा नानांना शोधत बसतो.

प्रदर्शनाबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे मी स्वतः फटका खाल्लाय. काही वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये मी माझं छोटं शंटिंग इंजिन घेऊन बसले होते. ऐटीत. टेबलाच्या कडेला रूळ संपत होता आणि तिथे डेड एंड म्हणून मी एक आगपेटी ठेवली होती. एका चिमुरड्याने कंट्रोलर पुरा फिरवला. आगपेटी गेली, इंजिन गेलं, फरशीवर आवाज झाला तो अजून कानात आहे. पोरगं रडायला लागलं, त्याची आई माझी माफी मागायला लागली आणि मी त्या पोराला गोळी देत बसले. चूक त्याची नव्हतीच. कडेला चार इंचांची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावली असती तर पन्नास-साठ रुपयांत भागलं असतं. तुम्ही लावा. डेड एंडही खरोखरचा बसवा, पक्का स्क्रूने.

आणि कंट्रोलर मुलांच्या हातात द्याच. नाही दिलात तर ती पाच मिनिटांत निघून जातात. लांबलचक गाडी गोल फिरत राहिली की लोक दोनदा बघतात, एक फोटो काढतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे, तिथे सगळं शहरच्या शहर हलतं, म्हणून माणूस खिळून राहतो. आपल्या दोन टेबलांवर ते जमायचं नाही. आपल्याकडे खिळवतं ते शंटिंग. कारण त्यात कोडं असतं.

तुमच्यासाठी एक जुनं, कसाला उतरलेलं कोडं सांगते. इंग्लंडमधल्या एका छांदिष्टाने रचलेलं आहे, इंगलनूक म्हणतात त्याला. लागतात फक्त दोन पॉइंट आणि तीन सायडिंग, म्हणजे वॅगन उभ्या करायचे बाजूचे रूळ. एका सायडिंगमध्ये पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. शंटिंग नेक, म्हणजे इंजिन मागेपुढे करायचा रुळाचा तुकडा, एवढीच की इंजिन आणि तीन वॅगन उभ्या राहतील. एकूण वॅगन आठ. आठ चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या पाच वॅगन मोठ्या सायडिंगमध्ये लावायच्या. हे असे ६,७२० क्रम होतात. (आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, करून बघा.) म्हणजे दोन दिवसांत कुणालाही तोच डाव पुन्हा लागण्याची सहसा भीती नाही.

एचओ मापात चाळीस फुटी वॅगन कपलरसकट साधारण पंधरा सेंटीमीटर, तुमचं एसडब्ल्यूही जवळपास तेवढंच. हिशेब केला तर सगळं सहा फुटांच्या फळीवर जेमतेम बसतं. अशी फळी दोन माणसं हातात धरून पॅसेंजरमध्येही चढवू शकतात.

त्या वॅगनना आपली नावं द्या. एक केळीची, रावेर-सावदा-निंभोरा या स्टेशनांवरून दिल्लीकडे केळी गेली तिची आठवण म्हणून. एक दीपनगरच्या वीज केंद्राची, कोळसा भरलेली. एक डाळीची, एक सरकीची, एक पाइपांची. एखादी रिकामी. चिठ्ठीवर 'बॉक्सकार क्रमांक अमुक' लिहाल तर पोरं जांभया देतील. 'केळी आधी, नाहीतर काळी पडतील' असं लिहा आणि गंमत बघा. माझ्या फळीवर केळीची वॅगन मधे अडकली की बघणारी माणसं, म्हणजे चांगली मिशीवाली माणसं, पोरांच्या खांद्यावरून हात घालून सांगायला लागतात, "अरे भो, तिला आधी मागे घे, मागे!" त्यातले निम्मे रेल्वेतून निवृत्त झालेले असतात. भुसावळ-जळगावचा प्रेक्षक हा असा आहे. अमेरिकेत याच खेळाचे चाहते असतील, पण बघणाऱ्यांत खराखुरा पॉइंट्समन निघणं आपल्याकडेच.

वेग सांभाळा म्हणावं मात्र. खऱ्या यार्डात शंटिंगला ताशी १५ किलोमीटरची मर्यादा असते. एचओच्या ८७ पटीने तो वेग भागला तर सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरच्या आसपास येतो, म्हणजे एक मीटर रूळ पार करायला सुमारे २१ सेकंद. घड्याळ लावून बघा. आपण सगळेच दुप्पट-तिप्पट जोरात चालवत असतो. वॅगनला टेकताना तर त्याहूनही सावकाश. वडील झेंडी धरून जोडणीपाशी उभे असायचे आणि ओरडायचे, "आस्ते... आस्ते... बस." ते 'बस' म्हणाले की बफर एकमेकांना नुसते हुंगायचे.

याच वेगाला तुमची इंजिनं पॉइंटवर अडकतात, ना? जोरात गेली की पार होतात, हळू गेली की मरतात. पॉइंटच्या मधला जो क्रॉसिंगचा तुकडा आहे, तो बऱ्याच पॉइंटांत प्लास्टिकचा असतो. त्यावर वीज नसते, आणि इंजिन वीज घेतं ती रुळातूनच. लांब इंजिनाचं एक चाक तिथे असलं तरी बाकीची चाकं विजेवर असतात. शंटिंगचं इंजिन आखूड, त्याच्या चाकांचा पसारा कमी, म्हणून नेमकं तेच मरतं. एसडब्ल्यूच्या आठही चाकांतून वीज घेतली जाते का, ते आधी तपासा. एकेका बोगीखाली कागदाची पट्टी सरकवली की लगेच कळतं. घेत असेल आणि तरी मरत असेल तर बहुतेक वेळा कारण मळ असतं. स्वच्छ सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, ते रुळावर आडवं टाका, इंजिनाची एक बोगी कापडावर आणि दुसरी रुळावर ठेवून इंजिन धरून चालवा. चाकांचा काळा रंग कापडावर उतरलेला पाहिलात की दचकाल. खान्देशातली धूळ वर्षभर बसते आणि तेलाच्या थेंबात तिची लुगदी होते. सँडपेपर कधीच लावू नका, चऱ्यांत मळ आणखी बसतो.

साफसफाईनंतरही अडकलं तर पुढच्या वेळी धातूच्या क्रॉसिंगचे पॉइंट घ्या आणि त्या तुकड्याला स्विचवरून वीज द्या. पॉइंट फिरला की तुकड्याची बाजूही फिरली पाहिजे, नाहीतर शॉर्ट होतं. डिजिटल डिकोडर, म्हणजे रुळातून येणारे हुकूम वाचणारी चिप, बसवलेलं इंजिन असेल तर वीज धरून ठेवणारे कपॅसिटर मिळतात, ते एक-दोन सेकंदांचा खड्डा भरून काढतात. पण माझं मत विचाराल तर आधी कापड.

भाच्याने इंजिनांबरोबर तिकडचा कंट्रोलरही पाठवला असेल, तर त्याच्या पाठीवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय भिंतीत खुपसू नका. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मी एकदा नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावला आणि चालू केला. त्यातून निघालेला धूर वाफेच्या इंजिनाला शोभला असता.

आता रंगाचं. नानांच्या या म्हणण्यात तथ्य आहे आणि नाहीही. तुमचं एस-२ ज्या आल्को कंपनीचं, तिच्याच रचनेवर आपलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन बेतलेलं. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून ती इंजिनं बनली, आणि त्याच कुळातली सहा सिलिंडरची मोटर घेऊन डब्ल्यूडीएस-६ हे सुमारे १,४०० अश्वशक्तीचं शंटिंगचं इंजिन आलं. म्हणजे नातं आहेच, चुलत घराण्यातलं. एस-२ची अश्वशक्ती हजार, तुमच्या एसडब्ल्यूंची नावाप्रमाणे दीड हजार. तीही कामाच्या दृष्टीने आपल्याच गोत्राची. पण चेहरा वेगळा. अमेरिकन अंगावर आपला रंग चढवला तर लांबून बरं दिसेल आणि जवळून नवऱ्या मुलाला दुसऱ्याचा फेटा बांधल्यासारखं.

आणखी एक अडचण आहे, ती नानांना माहीत असणार. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. ८७ने भागला तर १९ मिलिमीटरच्या वर जातो, आणि तुमचा रूळ साडेसोळाचा. भारतीय इंजिन त्यावर ठेवलं की खालून अरुंद दिसतं, पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या पैलवानासारखं. काहीजण ते सोडून देतात, मीही देते. पण भाच्याने दिलेली भेट आहे, तिचा मूळ रंग खरवडू नका. रंगवायचंच असेल तर जुन्या बाजारातलं एखादं स्वस्त, मोटर गेलेलं कवच घ्या आणि ते नानांच्या हाती द्या. रंग त्यांनीच द्यावा.

खरं सांगू? खान्देशचं काही करायचं असेल तर ब्रॉडगेजच्या मागे लागूच नका. आपली पीजे करा. पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटर, ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर, आणि बाजारात एचओहून लहान अशा एन मापाचा नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. साडेसोळाच्या रुळावर ब्रॉडगेज जितकी चुकते त्याच्या पासंगालाही हे चुकत नाही. स्लीपर तेवढे बदलावे लागतील, एनचे फार जवळजवळ आणि बारीक असतात. २०२०च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती पीजे नॅरोगेजवर पुन्हा धावली नाही. शेंदुर्णीचं स्टेशन, पहूरचं स्टेशन, छोटे डबे, खिडकीतून हात बाहेर काढला की ज्वारीला लागेल इतकं जवळ शेत. तुमच्या पाच-सहा जणांत कुणीतरी नक्की त्या गाडीने शाळेत गेलेलं असेल. त्याला विचारून घ्या, फोटो जमवा. पण हे पुढच्या दिवाळीचं काम, यंदा इंगलनूक पुरे.

तर यंदा काय करायचं? प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी एस-२ खोक्यातून काढा आणि नानांच्या घरी घेऊन जा. तक्रार करायला नाही. म्हणा, "नाना, चीर दिसते का बघा, माझी नजर आता जवळचं धरत नाही." भरिताचे दिवस सुरू झालेच असतील, वांगी तुम्ही न्या. खालची पट्टी दोघांनी मिळून उघडा. चीर सापडली की टकटकीचा प्रश्न तिथेच मिटला, आणि तुम्ही वर्षभर कुणावर रागावला होतात ते तुम्ही त्यांना सांगा किंवा सांगू नका, ते तुमच्यावर. मी असते तर सांगितलं असतं. नानांनाही मग काहीतरी बोलावंसं वाटेल.

चीर नाही निघाली, आणि टकटक एखाद्या अडकलेल्या धाग्याची किंवा गिट्टीच्या कणाची निघाली, तर ती नानांच्याच प्रदर्शनातली. तेही वहीत लिहा, दोघांच्या सह्यांनी.

कपलर तुम्ही बदला, दोन मिनिटांचं काम आहे, एक स्क्रू. कठड्यासाठी मात्र ०.४ मिलिमीटरची पितळी तार विकत घ्या आणि सोबत एक बारीक चिमटा. दोन्ही नानांच्या हातात ठेवा. कठडा त्यांनीच बसवायचा.

– तुमची ताई